प्रमाणपत्र नाही, म्हणून गेम नाही

'बलाट्रो' हा पत्त्यांचा गेम आहे. हातात आठ पत्ते येतात, त्यातले जास्तीत जास्त पाच टाकायचे. जोडी, सिक्वेन्स, कलर, जे जमेल ते. दिवाळीत तीन पत्तीचा डाव रंगणाऱ्या कुठल्याही घरातल्या पोराला पाच मिनिटांत उमजेल असा प्रकार. फरक एवढाच की समोर भिडू नाही, पैसे लावायचे नाहीत आणि जिंकलात तरी पदरात काही पडत नाही. पडतात ते गुण, आणि त्या गुणांचा गुणाकार वाढवणारे दीडशे तऱ्हेवाईक जोकर. कॅनडातल्या एका माणसाने टोपणनावाने तो बनवला आणि २० फेब्रुवारी २०२४ ला तो विक्रीला आला.

मार्च उजाडतो न उजाडतो तोच काही देशांतल्या कन्सोलच्या, म्हणजे गेम खेळायच्या यंत्रांच्या, ऑनलाइन दुकानांतून तो नाहीसा झाला. कोणी खटला भरला नव्हता, कुठल्या मंत्र्याने भाषण ठोकलं नव्हतं. युरोपात गेमचे वयोगट ठरवणारी 'पेगी' नावाची संस्था आहे, तिने या गेमवरचा ३ हा आकडा खोडून १८ लिहिला, इतकंच. कारण काय, तर जुगाराचं ठळक दर्शन. दुकानाच्या नोंदीत ३ आणि संस्थेच्या वहीत १८, असा हिशेब जुळेना म्हटल्यावर दुकानांनी गेम सरळ शेल्फवरून काढला. थोड्याच दिवसांत तो १८ चा शिक्का मिरवत परत आला. पुढे प्रकाशकाने अपील केलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आकडा १२ वर उतरला. दरम्यान गेमच्या कर्त्याने एका गोष्टीकडे बोट दाखवलं होतं: 'ईए स्पोर्ट्स एफसी' या फुटबॉलच्या गेममध्ये खरे पैसे मोजून खेळाडूंची बंद पाकिटं घेता येतात, आत कोण निघेल ते नशिबावर, आणि त्या गेमवर आकडा होता ३.

हा अन्याय की न्याय, यावर वाद घालायला पुष्कळ जण तयार असतात. मला त्या मधल्या काही दिवसांत जास्त रस आहे. आकडा ३ असता तरी गेम विकता आला असता, १८ असता तरी मोठ्यांना विकता आला असता. तो विकता आला नाही, कारण त्या घटकेला त्याच्याकडे धड कुठलाच आकडा नव्हता.

आपल्याकडे हे समजायला नाटकवाल्यांना विचारावं. महाराष्ट्रात नाटकाचा प्रयोग लावायचा तर आधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते. मग ते आक्षेपार्ह नाटक असो की शेजारच्या सोसायटीतल्या हौशी मंडळींची निरुपद्रवी एकांकिका. संहितेत काही वावगं नसलं तरी कागद हातात आल्याशिवाय पडदा वर जात नाही. 'बंदी घातली' आणि 'प्रमाणपत्र आलं नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रेक्षकाला मात्र दोन्ही वेळा सारखंच दिसतं: बंद दार.

गेमच्या बाबतीत या बंद दाराचं सगळ्यात मोठं उदाहरण सध्या जर्मनीत आहे. 'स्टीम' हे कॉम्प्युटरवरच्या गेमचं सगळ्यात मोठं ऑनलाइन दुकान. १५ नोव्हेंबर २०२४ पासून त्यांनी जर्मनीतल्या गिऱ्हाइकांसाठी नियम लावला की ज्या गेमला जर्मन पद्धतीचा वयोगट नाही तो दिसणारच नाही. शोधला तरी सापडणार नाही, थेट लिंक उघडली तर तुमच्या देशात उपलब्ध नाही असा निरोप. स्टीमवर हजारोंनी गेम आहेत, त्यातले कितीतरी एकट्या-दुकट्या माणसाने बनवलेले. प्रश्नावली भरली की आकडा मिळतो. ज्याने भरली नाही, त्याचा गेम जर्मनीपुरता अदृश्य.

प्रश्नावली म्हणजे काय, तर एक लांबलचक फॉर्म. रक्त दिसतं का, दिसत असेल तर खऱ्यासारखं की कार्टूनसारखं. मार खाणारा माणूस आहे, प्राणी आहे की राक्षस. शिव्या आहेत का. दारू, सिगारेट, गांजा. अंगावर किती कपडे. जुगारासारखं काही. गेम बनवणाऱ्याने प्रामाणिकपणे खुणा करायच्या, त्यावरून यंत्रणा ०, ६, १२, १६ किंवा १८ यांपैकी एक आकडा काढून देते. काम फार तर अर्ध्या तासाचं. पण समजा गेम २०१३ चा आहे, बनवणारी कंपनी कधीच मोडली, दोन भागीदारांपैकी एक आता बँकेत नोकरीला आहे आणि जुना ईमेल कोणी उघडत नाही. मग तो अर्धा तास देणार कोण? गेममध्ये बदकं पाण्यात पोहत असली तरी जर्मनीत तो सापडणार नाही.

जर्मनी एवढी काटेकोर का, याला बराच इतिहास आहे. लहान-तरुण मुलांचं वाईट गोष्टींपासून संरक्षण, यासाठी जर्मनमध्ये 'युगेंडशुत्स' असा एकच शब्द आहे, आणि तो तिथे सरकारी कागदापुरता राहिलेला नाही, घराघरात बोलला जातो. १९५४ पासून तिथे मुलांना घातक साहित्य तपासणारं केंद्रीय कार्यालय आहे. सुरुवातीला त्यांच्या रडारवर पुस्तकं आणि मासिकं होती, ऐंशीच्या दशकात गेम आले. १९८४ मध्ये त्यांनी 'रिव्हर रेड' नावाचा गेम काळ्या यादीत टाकला. कॅरल शॉ या बाईंनी लिहिलेला हा गेम आज पाहिला तर हसू येईल: वरून दिसणारी निळी नदी, तीत ठोकळ्यांचं बनलेलं एक विमान, पूल आला की फोडायचा, पेट्रोल संपायच्या आत डबा गाठायचा. त्या कार्यालयाला त्यात कोवळ्या मुलांचं लष्करी प्रशिक्षण दिसलं. यादीतून त्याचं नाव निघायला २००२ साल उजाडलं.

या यादीत नाव जाणं म्हणजेसुद्धा बंदी नव्हे बरं का. मोठ्या माणसाला तो गेम विकत घेता येतो. फक्त दुकानाच्या काचेत मांडायचा नाही, जाहिरात करायची नाही, मुलांच्या नजरेस पडेल असं काही करायचं नाही. गिऱ्हाइकाने स्वतः नाव घेऊन मागितला तर काउंटरखालून काढून द्यायचा. कागदावर हे ठीक वाटतं. पण कुठला मोठा दुकानदार या भानगडीत पडेल? त्याने माल मागवलाच नाही की विषय संपला. शिवाय यादीतलं नाव पंचवीस वर्षं टिकतं, तोवर मागणारं पोर चाळिशीला पोचलेलं असतं. १९९४ मध्ये यादीत गेलेला 'डूम' २०११ मध्ये बाहेर आला, तोही कंपनीने अर्ज केला म्हणून. मग त्याला १६ चा शिक्का मिळाला. सतरा वर्षं ज्याचं नाव मोठ्याने घ्यायची सोय नव्हती, तो एका सुनावणीनंतर अकरावीतल्या मुलाला चालू लागला.

या यादीची धास्ती एवढी, की कंपन्या जर्मनीसाठी वेगळाच गेम काढायच्या. 'हाफ-लाइफ'च्या जर्मन आवृत्तीत सैनिकांच्या जागी यंत्रमानव आले, म्हणजे रक्ताचा प्रश्नच मिटला. 'टीम फोर्ट्रेस २' मध्ये स्फोटानंतर माणसाच्या चिंधड्या उडण्याऐवजी स्प्रिंगा आणि बर्गर उडायचे. मला हा दुसरा प्रकार मूळ गेमपेक्षा विकृत वाटतो, पण जर्मन मुलांनी तोही आवडीने खेळला. ज्यांना खरा माल हवा असायचा ते ऑस्ट्रियातून मागवायचे. तिथेही भाषा जर्मनच, पण डब्यावर शिक्का पेगीचा. केवळ जर्मन गिऱ्हाइकांच्या या गरजेवर तिथल्या काही टपाल-दुकानांचा धंदा चालला.

२००२ मध्ये एर्फुर्ट शहरातल्या शाळेत एका माजी विद्यार्थ्याने गोळीबार करून सोळा जणांचा जीव घेतला. देश हादरला, गेमवर बोट गेलं, आणि १ एप्रिल २००३ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने 'युएसके' या संस्थेचा शिक्का बंधनकारक झाला. ही संस्था १९९४ पासून होती, पण तोवर तिचं म्हणणं सल्ल्यापुरतं होतं. आता जर्मनीत गेमच्या डब्यावर कोपऱ्यात चौकट दिसते: शून्याला पांढरी, ६ ला पिवळी, १२ ला हिरवी, १६ ला निळी, १८ ला लाल. या पद्धतीत मला आवडलेली गोष्ट म्हणजे निकाल देणारी माणसं. बर्लिनमध्ये संस्थेचा एक खेळाडू गेम आधी स्वतः खेळून काढतो, मग समितीपुढे बसून खेळून दाखवतो. समितीत चार तज्ज्ञ, ज्यांचा गेमच्या धंद्याशी पोटापाण्याचा संबंध नाही, आणि राज्यांचा एक कायमचा प्रतिनिधी. अवघड जागा, शेवट, ज्या प्रसंगावर वाद होईल तो प्रसंग, सगळं डोळ्यांनी बघून मतदान. आणि एकदा हा शिक्का बसला की तो गेम पुन्हा काळ्या यादीत टाकता येत नाही. कंपनीच्या दृष्टीने शिक्का म्हणजे चिलखत.

अडचण संख्येची आहे. वर्षाला काही शे डबे दुकानात येत होते तोवर पाच माणसांची समिती पुरेशी होती. ऑनलाइन दुकानात हजारो गेम ओतायला लागल्यावर कुठली समिती पुरणार? म्हणून १ मे २०२१ पासून जर्मन कायद्याने नवी तरतूद केली. जर्मनीत दहा लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या गेम आणि चित्रपटांच्या ऑनलाइन मंचांनी प्रत्येक गोष्टीवर वयोगट दाखवायचाच. तो समितीने दिलेला असेल किंवा मान्यताप्राप्त स्वयंचलित यंत्रणेने काढलेला, दोन्ही चालेल. स्टीमचा २०२४ मधला नियम याच वाटेने आला. म्हणजे कायदा म्हणतो 'पाटी लावा', आणि दुकानदार म्हणतो 'ज्याला पाटी नाही तो माल मी गोदामात ठेवतो'. ही दुसरी पायरी कायद्याने शब्दशः सांगितलेली नसते, दुकानदार आपल्या सोयीने ती घेतो. दंड त्याला बसणार, मग त्याने जोखीम का घ्यावी?

इथे एक गल्लत नेहमी होते म्हणून सांगतो. हिटलरच्या मिशीचं प्रकरण वेगळं. २०१७ च्या 'वोल्फेनस्टाइन २' च्या जर्मन आवृत्तीत हिटलरची मिशी उडवली होती आणि त्याचं नावही बदललं होतं. ते वयोगटामुळे नव्हे. नाझी चिन्हं दाखवणं हा तिथे फौजदारी गुन्हा आहे. चित्रपटाला कला म्हणून सूट मिळायची, गेमला मात्र १९९८ च्या एका न्यायालयीन निकालापासून मिळत नव्हती. ऑगस्ट २०१८ मध्ये युएसकेने भूमिका बदलली आणि प्रत्येक गेमचा संदर्भ पाहून ठरवायला सुरुवात केली.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट याहून मजेशीर आहे, कारण तिथे घोळ होता तो शिडीला वरची पायरीच नसल्याचा. चित्रपटांसाठी तिथे १८ वर्षांवरचा वर्ग होता. गेमसाठी सर्वांत वरचा वर्ग १५ चा. गेम मुलंच खेळतात, या समजुतीवर रचलेली शिडी. म्हणून सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला योग्य असा गेम आला की तिथल्या वर्गीकरण मंडळापुढे दोनच पर्याय: पंधरा वर्षांच्या पोराला द्या, नाहीतर वर्गीकरण नाकारा. आणि वर्गीकरण नाकारलं की विक्री बेकायदा. २००९ मध्ये 'लेफ्ट ४ डेड २' याच कात्रीत सापडला आणि काटछाट करूनच विकला गेला. वरची पायरी जोडायला सगळ्या राज्यांच्या अ‍ॅटर्नी जनरलांची, म्हणजे तिथल्या कायदामंत्र्यांची, संमती लागायची आणि साउथ ऑस्ट्रेलियाचे मायकल अ‍ॅटकिन्सन काही केल्या ऐकत नव्हते. २०१० च्या निवडणुकीत गेम खेळणाऱ्यांनी चक्क एक पक्ष काढून त्यांच्या क्रॉयडन मतदारसंघात उमेदवार उभा केला. अ‍ॅटकिन्सन जागा जिंकले, पण त्यांनी मंत्रिपद सोडलं. अखेर १ जानेवारी २०१३ ला गेमसाठी १८ चा वर्ग सुरू झाला.

पायरी आली तरी मादक पदार्थांची खुट्टी राहिली. ऑस्ट्रेलियाचा नियम असा की गेममध्ये नशा केल्यावर खेळाडूला फायदा किंवा बक्षीस मिळत असेल तर वर्गीकरण नाही. हा नियम जगभर पोचला तो २००८ च्या 'फॉलआउट ३' मुळे. त्यात जखमी झाल्यावर मॉर्फिन टोचून घ्यायची सोय होती. मंडळाने नकार दिला. कंपनीने औषधाचं नाव बदलून 'मेड-एक्स' केलं, आणि वेगळी आवृत्ती सांभाळण्याचा ताप नको म्हणून सगळ्या जगासाठी तेच ठेवलं. लंडनमध्ये किंवा टोरांटोत बसून तो गेम खेळणाऱ्याने 'मेड-एक्स' टोचून घेतलं ते ऑस्ट्रेलियातल्या एका मंडळामुळे. २०१९ मध्ये 'डे-झी' मधला गांजाही असाच साऱ्या जगातून उपटला गेला. २०१८ चा 'वी हॅपी फ्यू' तर आणखी पुढचा. त्यातला समाज जबरदस्तीने आनंदाच्या गोळ्या खायला लावतो आणि गोष्टच मुळी त्या गोळ्यांच्या विरोधात आहे. तरी आधी नकार, मग फेरविचारात १८ चा शिक्का. फॉर्ममधल्या रकान्याला गोष्ट कुठल्या बाजूने बोलते ते कळत नाही, हे इथे स्वच्छ दिसतं.

आणि दक्षिण कोरियात काही काळ एखादा गेम नव्हे, गेमचा अख्खा विभागच गायब होता. २००६ मध्ये 'सी स्टोरी' नावाच्या जुगारी मशीनवरून तिथे मोठा घोटाळा गाजला, आणि प्रत्येक गेमला विक्रीआधी सरकारी मंडळाचं रेटिंग घ्यायचं अशी पक्की व्यवस्था आली. मग आले स्मार्टफोन. अ‍ॅपच्या दुकानात रोज जगभरातून गेम येणार, प्रत्येकाची आधी तपासणी कशी करणार? गूगल आणि अ‍ॅपल दोघांनीही कोरियातल्या दुकानात गेमचा विभाग बंद ठेवला. २०११ मध्ये कायद्यात सूट देऊन दुकानांनाच वयोगट ठरवायची मुभा मिळाली तेव्हा तो उघडला. ज्या देशात गल्लोगल्ली गेमिंग कॅफे आहेत आणि खेळाडूंचे सामने टीव्हीवर लागतात, तिथे फोनवर गेम घ्यायचा तर लोक परदेशी खातं उघडायचे. तिथला वाद अजून विझलेला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये दोन लाखांहून जास्त लोकांनी एकत्र येऊन गेम रोखण्याच्या कायद्यातल्या कलमाविरुद्ध घटना न्यायालयात धाव घेतली.

अमेरिकेत उलट. तिथली 'ईएसआरबी' ही गेम कंपन्यांनी स्वतःच उभी केलेली व्यवस्था, कायद्याची सक्ती नाही. तरी 'फक्त प्रौढांसाठी' असा शिक्का बसला की कन्सोलवाले आणि मोठी दुकानं गेमला हात लावत नाहीत. २००५ मध्ये 'जीटीए सॅन अँड्रियास' मध्ये दडलेला एक अश्लील भाग उघडकीला आला, शिक्का बदलला आणि दुकानांनी डबे परत पाठवले. सरकार मध्ये न पडताही दार बंद करता येतं ते असं.

भारतात गेमसाठी सेन्सॉर बोर्डासारखं काही नाही. चित्रपटाला 'यूए' आणि 'ए' लागतं, गेमला नाही. २०२५ चा ऑनलाइन गेमिंगचा कायदा पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे, त्याचा वयोगटाशी संबंध नाही. प्ले स्टोअरवर आपल्याला ३+, ७+, १२+ असे आकडे दिसतात ते 'आयएआरसी' या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचे. तीच प्रश्नावली, तोच फॉर्म. एकदा भरला की युरोपासाठी पेगीचा आकडा निघतो, जर्मनीसाठी युएसकेचा, अमेरिकेसाठी ईएसआरबीचा, आणि ज्या देशांचं स्वतःचं मंडळ त्यात नाही त्यांच्यासाठी सर्वसाधारण आकडा. आपण त्या शेवटच्या रांगेत. त्यामुळे आपल्याकडे रेटिंगपायी गेम अडत नाही. अडतो तो दुसऱ्याच कशाने तरी. मॉर्फिनवाला 'फॉलआउट ३' २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने भारतात आणलाच नाही, कारण म्हणून सांगितलं 'सांस्कृतिक संवेदनशीलता', आणि त्यापुढे खुलासा केला नाही. त्या गेममध्ये अणुयुद्धानंतरच्या दोन डोक्यांच्या गाई आहेत आणि त्यांचं नाव 'ब्राह्मिन' आहे. तर्क ज्याचा त्याने करावा.

जर्मनीचा नियम मात्र आपल्यातल्या बऱ्याच जणांना प्रत्यक्ष भेटतो. तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत मोठा गट सध्या भारतीयांचा आहे आणि त्यात मराठी मुलं थोडीथोडकी नाहीत. पुण्यात घेतलेलं स्टीमचं खातं तिथे जर्मन कार्डाने पैसे भरले की जर्मन होतं. दर युरोत दिसू लागतात, तो धक्का वेगळाच. विशलिस्टमधलं एखादं पान उघडेनासं होतं. व्हीपीएन लावून देश बदलायचा मोह होतो, पण ते दुकानाच्या अटींविरुद्ध आहे आणि त्यापायी खातं अडकू शकतं, म्हणजे पाचशे रुपयांच्या गेमसाठी सगळी लायब्ररी पणाला. आधी विकत घेतलेले गेम मात्र कोणी काढून घेत नाही. म्युनिकच्या होस्टेलमध्ये रात्री लॅपटॉप उघडला की लायब्ररीत तो जुना गेम तसाच असतो, डाउनलोड होतो, चालतो. खेळताना मागे उभ्या राहिलेल्या जर्मन रूममेटला तो आवडतो, तो लिंक मागतो. आपण पाठवतो, आणि त्याच्या फोनवर पान उघडत नाही.